वस्तीतलं घर टिकाऊ करायचं तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: महाराष्ट्रातल्या एका मध्यम आकाराच्या शहरात नाल्याकाठी सुमारे दोनशे घरांची जुनी वस्ती आहे. बरीच घरं पत्र्याची, काही विटांची. एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून तिथे ‘पर्यावरणपूरक आदर्श वस्ती’ करायचं ठरतंय. काम हाती घेतलेली तरुण वास्तुविशारद विचारते की मातीचे दाबीव ब्लॉक, बांबू, सौर पॅनेल यांतलं काय निवडावं? सगळं पाडून चार-पाच मजली इमारती कराव्यात की आहे तिथेच घरं बांधावीत? आणि तीन वर्षांत काय करून दाखवता येईल?

साहित्याचा प्रश्न तुम्ही पहिला विचारलात, मी तो शेवटी घेणार आहे. पुणे आणि आसपासच्या शहरांतल्या वस्त्यांमध्ये वीसेक वर्षं काम केल्यावर माझं मत पक्कं झालंय की गरीब वस्तीतलं घर टिकणं विटेवर फार थोडं अवलंबून असतं. जमिनीचा कागद, बोळाची लेव्हल आणि घरात येणारा उजेड-वारा यांवर ते ठरतं. हे जमलं तर साध्या सिमेंट ब्लॉकचं घरही पिढीभर चालतं, आणि राहणारी माणसं दर दिवाळीला त्यात काहीतरी सुधारत नेतात. हे जमलं नाही तर उत्तम मातीच्या ब्लॉकची भिंतही ओल धरते, किंवा घरच विकून कुटुंब दुसऱ्या नाल्याकाठी जातं.

म्हणून नकाशे काढायच्या आधी नगर भूमापन कार्यालयात जा. जमीन कुणाची आहे ते बघा: नगरपालिकेची, सरकारी, खाजगी, रेल्वेची, की चक्क नाल्याचं पात्र. बऱ्याचदा एकाच वस्तीखाली तीन मालक निघतात आणि मधल्या बोळाच्या अलीकडे-पलीकडे नियम बदलतो. मग वस्ती महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियम १९७१ खाली घोषित आहे का ते पाहा. घोषित असेल तर पाणी, ड्रेनेज, रस्ते यांसाठी नगरपालिकेकडे मागणी लावून धरता येते. अघोषित असेल तर पहिलं वर्ष या कामाला द्या. देणगीदाराच्या अहवालात त्याचे फोटो येणार नाहीत, तरी द्या.

कागदाचं महत्त्व का, ते प्रधानमंत्री आवास योजनेत स्पष्ट दिसलं. २०१५ च्या शहरी योजनेत ‘स्वतः घर बांधा’ हा घटक होता. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळून अडीच लाख रुपये थेट कुटुंबाला मिळत. वस्तीतल्या माणसाला यापेक्षा सोयीची योजना नाही, कारण गवंडी कोण, खोली कुठे, मोरी कुठे हे सगळं तोच ठरवतो. पण अट जमिनीच्या मालकीची. त्यामुळे ज्यांना घराची सर्वांत जास्त गरज होती, तेच दाराबाहेर राहिले. ओडिशाने ही गाठ सोडवायचा प्रयत्न केला. २०१७ च्या कायद्याने तिथल्या झोपडपट्टीवासीयांना जमिनीचा हक्क मिळाला. तो वारसाने पुढे जातो, त्यावर घरासाठी कर्ज काढता येतं, पण जमीन विकता येत नाही. आपल्याकडे नागपुरातही मालकी पट्टे वाटण्याचं काम झालं आहे, त्यामुळे ‘महाराष्ट्रात हे होतच नाही’ असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

पूर्ण पट्टा मिळेपर्यंत थांबा, असंही मी म्हणत नाही. अहमदाबादमध्ये १९९५ च्या सुमारास संजयनगरपासून ‘परिवर्तन’ योजना सुरू झाली. तिथे महापालिकेने एवढंच आश्वासन दिलं की किमान दहा वर्षं ही वस्ती हटवणार नाही. कुटुंबाने दोन हजार रुपये घातले, बाकी महापालिका आणि उद्योगांकडून आले, आणि पाणी, गटार, संडास, फरसबंदी घरोघरी पोचली. दहा वर्षांच्या भरवशावर लोकांनी आपल्या पैशाने भिंती पक्क्या केल्या. कुठल्याही संस्थेला एवढी गुंतवणूक बाहेरून आणता आली नसती. म्हणून तुमच्या नगरपालिकेकडून लेखी ठराव मिळवा, घरांना क्रमांक लावून घ्या, मोजणीचा नकाशा प्रशासनाच्या सहीशिक्क्यानिशी ठेवा. आणि जो काही कागद होईल तो नवरा-बायको दोघांच्या नावाने करा. घर फक्त पुरुषाच्या नावावर असलं आणि तो गेला किंवा सोडून गेला, तर बाईला दिराच्या दयेवर राहावं लागतं. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की या अटीवर मी तडजोड करत नाही.

आता नाला. ‘आहे तिथेच’ हे माझं तत्त्व आहे, पण पाण्याच्या वाटेत नाही. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं दगावली, आणि ओढ्याकाठच्या वस्त्यांतले संसार वाहून गेले. त्याच्या आदल्या वर्षी, २७ सप्टेंबरला, मुठा उजवा कालवा फुटून दांडेकर पुलाजवळची घरं भरदिवसा पाण्यात गेली होती. नद्यांना निळी आणि लाल पूररेषा आखतात. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. छोट्या नाल्यांना बहुतेक ठिकाणी अशी रेषाच नसते. मग ती लोकांकडून मिळवायची. म्हाताऱ्या बायकांना बरोबर घेऊन बोळाबोळातून फिरा, ‘पाणी कुठवर आलं होतं’ विचारा, आणि गेरूने भिंतीवर खूण करा. मग डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीची उंच-सखल मोजायची दुर्बीण, लावून त्या खुणा नकाशावर आणा. दोनशेतली वीस-तीस घरं खरोखर धोक्यात असतील, तेवढीच हलवावी लागतील. ती हलवायची तर त्याच वस्तीत, फार तर त्याच प्रभागात.

लांब हलवलं की काय होतं याचं उदाहरण मुंबईत माहुलला आहे. तानसा जलवाहिनीलगतची हजारो कुटुंबं रिफायनऱ्यांच्या शेजारच्या इमारतींत नेली. पक्कं घर मिळालं, पण हवा अशी की माणसं आजारी पडू लागली, आणि धुण्याभांड्याची कामं, शाळा, दवाखाना सगळं मागे राहिलं. शेवटी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की या लोकांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा १५,००० रुपये भाडं द्या. घर टिकाऊ आहे की नाही हे मोजताना त्या घरातून कामावर पोचायला लागणारा वेळ आणि रिक्षाचं भाडं धरलंच पाहिजे. सकाळी सहाला चार घरची भांडी करायला जाणाऱ्या बाईसाठी पाच किलोमीटरचं अंतर म्हणजे दोन कामं कमी.

चार-पाच मजली इमारतींबद्दल विचारलंत. मुंबईतलं झोपडपट्टी पुनर्वसन, ज्याला सगळे एसआरए म्हणतात, ते १९९५ पासून एका साध्या हिशेबावर चालतं. बिल्डरने वस्तीतल्या लोकांना फुकट घर द्यायचं आणि त्याबदल्यात मिळालेला जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकाम करायची मुभा, वापरून बांधलेले फ्लॅट बाजारात विकायचे. जमिनीचा भाव आकाशाला भिडलेला असेल तिथेच हे गणित सुटतं. मध्यम शहरात विक्रीचे फ्लॅट उचलले जात नाहीत, बिल्डर अर्ध्यात थांबतो आणि लोक ट्रान्झिट कॅम्पमध्ये, म्हणजे तात्पुरत्या घरांत, अडकतात. आणि जिथे गणित सुटतं, तिथेही घनता इतकी वाढवावी लागते की माणसाच्या फुप्फुसांवर भार येतो. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये दोन इमारतींतलं अंतर जेमतेम तीन मीटर आहे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने तिथे केलेल्या अभ्यासात क्षयरोगाचं प्रमाण अतिशय जास्त निघालं. वाशी नाक्याच्या एका वसाहतीत इमारती जरा सुट्या होत्या, तिथे ते कितीतरी कमी होतं. खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचतच नाही. झोपडीतून पक्क्या घरात नेलेल्या माणसाला आपण आजार दिला असेल, तर त्या इमारतीवर कितीही सौर पॅनेल लावा, मी तिला शाश्वत म्हणणार नाही. शिवाय लिफ्ट आणि पंपाचं बिल. ज्या घरात महिन्याचा गॅस उधारीवर येतो, त्या घराकडून लिफ्टच्या देखभालीची अपेक्षा धरणं अन्याय आहे. लिफ्ट बंद पडते, पाणी वर चढत नाही, आणि पाचव्या मजल्यावरची आजी वर्षभर खाली उतरत नाही.

‘आहे तिथेच’ कसं होतं ते बघायचं असेल तर पुण्यात येरवड्याला या. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या कार्यक्रमात गरिबांच्या मूलभूत सेवांसाठी बीएसयूपी नावाचा भाग होता. त्यातून पुणे महापालिकेने सुमारे ४,००० घरं जागच्या जागी बांधायचं ठरवलं. नेताजीनगर, मदर तेरेसानगर, वडारवस्ती अशा वस्त्यांत स्पार्क आणि महिला मिलन या संस्थांनी प्रसन्न देसाई यांच्यासारख्या वास्तुविशारदांना घेऊन काम केलं. घर २७० चौरस फुटांचं, खर्च धरलेला तीन लाख, त्यातला दहावा हिस्सा कुटुंबाचा. फक्त कच्ची घरं पाडली, पक्की तशीच ठेवली. त्यामुळे बोळ, देऊळ, पिंपळाचा पार, शेजार यांची जी वीण वर्षानुवर्षं बसली होती ती मोडली नाही. ज्यांची जागा फारच लहान होती, त्यांनी शेजाऱ्यांबरोबर मिळून सामाईक इमारत केली. महिला मिलनच्या बायका घरोघरी बसून कुणाची भिंत कुठे येणार, जिना कुणाच्या बाजूने जाणार हे मिटवत होत्या. नकाशा काढणाऱ्याला हे जमत नाही.

त्यात अडचणीही होत्या, त्या तुम्हाला आधीच माहीत असाव्यात. बांधकाम चालू असताना कुटुंबाने राहायचं कुठे, याची सोय त्या योजनेत पुरेशी नव्हती. लोकांना स्वतःच्या पैशाने भाड्याने राहावं लागलं, आणि काम लांबलं की भाडंही लांबलं. बोळ चार फुटांचा, त्यामुळे वाळू, विटा, सळई सगळं डोक्यावरून. अंदाजपत्रकात हा हमालीचा खर्च बहुतेक जण धरत नाहीत. तुम्ही सुरुवातीलाच धरा. पक्कं-कच्चं ठरवतानाही भांडणं होतात. ज्याने पोटाला चिमटा काढून विटांची भिंत बांधली, त्याला काहीच नाही आणि शेजारच्या पत्र्याच्या घराला तीन लाख, हे कुणालाही लागतं. तुमच्या योजनेत पक्क्या घरांनाही काहीतरी मिळालं पाहिजे: संडासाचं साहित्य, छताचा रंग, एक झरोका. रक्कम लहान असली तरी चालते, पण त्यामुळे सगळी वस्ती तुमच्या बाजूने उभी राहते.

सगळी दोनशे घरं तुम्ही बांधायची गरजही नाही. मुंबईतल्या चारकोपला जाऊन या. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ पासून चारकोप, गोराई, मालवणी इथे सरकारने घरं दिलीच नाहीत. आखलेले छोटे भूखंड, पाणी, गटार, मधल्या चौकाभोवती ३५-३५ घरांच्या सोसायट्या आणि भाडेपट्टा एवढंच दिलं. पुढचं लोकांनी केलं. आधी एक खोली, मग पोटमाळा, मग मुलाचं लग्न ठरल्यावर वरचा मजला. आज तिथे फिरताना तो गरिबांचा भूखंड होता हे सांगावं लागतं. घर वाढवायची मुभा आणि हमी मिळाली की बांधकामाचा बहुतेक पैसा लोकच उभा करतात. तुमचा निधी लोकांना एकट्याने करता येत नाही तिथे गेला पाहिजे: पाया, ड्रेनेज, जिना, आणि वर आणखी एक मजला चढवता येईल एवढं मजबूत हाड.

पायाबद्दल थोडं सावध करते. नाल्याकाठची जमीन म्हणजे बहुतेकदा भराव. वर मुरूम दिसतो, खाली पाच-सहा फूट राडारोडा, प्लास्टिक, चिंध्या असतात, आणि त्याखाली काळी माती, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. चार-पाच ठिकाणी खड्डे खणून स्वतः डोळ्यांनी बघा. जुन्या भिंतीवर ‘अजून एक मजला झेपेल’ असं मिस्त्री छातीठोकपणे सांगेल. स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाया पाहिल्याशिवाय त्यावर एक वीटही चढवू देऊ नका. भरावावर सुटे पाये घेण्यापेक्षा तीन-चार घरांचा एकत्रित पाया आणि जोत्याची सलग बीम स्वस्तही पडते आणि भिंती वेगवेगळ्या खचत नाहीत.

आता बोळाची लेव्हल. माझ्या मते तुमच्या सगळ्या कामात ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. दर निवडणुकीआधी नगरसेवकाच्या निधीतून बोळात काँक्रीट पडतं. जुना थर उखडायचा खर्च नको म्हणून त्यावरच नवा ओततात. दहा-पंधरा वर्षांत बोळ फूटभर वर येतो आणि घराचं जोतं खाली जातं. मग पहिल्या पावसात गटाराचं पाणी उंबरठा ओलांडून घरात. लोक दारात विटांचा बांध घालतात, पोरं त्याला अडखळून पडतात, भिंतीला कायमची ओल. या घराला तुम्ही मातीचे ब्लॉक लावणार असाल तर तेही ओल धरतील.

हिमांशू पारिख या अभियंत्याने १९८०-९०च्या दशकांत इंदूरमध्ये हा प्रश्न उलटा करून पाहिला. त्यांचं निरीक्षण असं की शहरातल्या वस्त्या बहुतेक नैसर्गिक ओढ्या-नाल्यांच्या काठी असतात, म्हणजे पाणी जिथून आपोआप वाहतं तिथेच असतात. मग शहराची मलवाहिनीच या वस्त्यांमधून, उताराच्या दिशेने नेली तर ती कमी खोल खणावी लागते, पंप लागत नाहीत, आणि वस्ती शहराच्या जाळ्याचा भाग होते. बोळ घराच्या जोत्यापेक्षा खाली उतरवायचे, म्हणजे मुसळधार पावसात रस्ताच पाण्याची वाट होतो. या कामाला १९९८ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. पुढे देखभालीत तिथे ढिलाई झाली, पण मूळ विचार आजही बरोबर आहे. तुमच्या नगरपालिकेच्या अभियंत्याला तो समजावा, कारण नाल्याकाठची वस्ती त्याच्या डोक्यात अडथळा असते. ती त्याच्या मलवाहिनीसाठी सर्वांत सोपी वाट आहे हे कळलं तर तो तुमचा माणूस होतो.

करताना काय बघायचं: घराच्या संडासापासून निघणाऱ्या चार इंची पाइपाला साधारण ६० फुटांत एक फूट उतार हवा, बोळातल्या सहा इंची पाइपाला १०० फुटांत एक फूट. प्रत्येक वळणावर चेंबर, आणि त्या चेंबरचं झाकण एका बाईला उचलता येईल एवढ्याच वजनाचं. पावसाचं पाणी आणि मैलापाणी वेगळं. पाण्याची पाइपलाइन गटारातून नेऊ नका; वस्तीतल्या बऱ्याच जुलाबांचं कारण तिथे असतं, गळक्या जोडातून. घरोघरी संडास करायचा असेल तर पुण्याच्या शेल्टर असोसिएट्सची पद्धत पाहा. संस्था साहित्य देते, मजुरी आणि बांधकाम कुटुंब करतं, आणि कुठल्या बोळात ड्रेनेज आहे, कुठे नाही याचा घरवार नकाशा आधी तयार असतो. नकाशा नसताना वाटलेले संडास सामान ठेवायची खोली होतात. सार्वजनिक संडासात रात्री जाणं मुलींसाठी किती धोक्याचं आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. नव्या घरात संडास कुठे असावा हे मात्र बायकांना विचारा. चुलीला लागून नको, देवाच्या भिंतीला लागून नको, दारासमोर नको, असं प्रत्येकीचं काही असतं, आणि २७० चौरस फुटांत ते सगळं बसवणं हेच आपलं कौशल्य.

त्यासाठी नकाशावर चर्चा करू नका. १९८०च्या दशकात भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी, ज्यांच्यातून पुढे महिला मिलन उभी राहिली, कापड आणि बांबू लावून खऱ्या मापाचं घर उभं केलं आणि त्यात फिरून ठरवलं की आपल्याला १४ फूट उंची हवी, म्हणजे पोटमाळा होतो. कागदावर बघून हे कुणाला सुचलं नसतं. मैदानात जुन्या साड्या बांधून असं घर करा. पिंप कुठे, शिलाई मशीन कुठे, गाद्या कुठे, सासू कुठे झोपणार, हे तासाभरात कळतं.

उजेड-वाऱ्याचं काम छेदचित्रात, म्हणजे घर उभं कापून दाखवणाऱ्या चित्रात, होतं. वस्तीतल्या घराच्या तीन भिंती सामाईक असतात, उघडी बाजू एकच, तीही चार फुटी बोळावर. समोर दोन मजले चढले की तळमजल्यावरून आकाशाची पट्टी दिसते. त्यामुळे नुसत्या खिडक्या मोठ्या करून भागत नाही. हवेला वर जायला वाट हवी. मी दोन घरांच्या पाठीला पाठ येते तिथे दोन-अडीच फुटांची उघडी दांडी सोडायचा आग्रह धरते. ती छतापर्यंत मोकळी, वर जाळी, आणि मोरी, संडास, चूल या तिन्हींची झडप तिच्यात उघडणारी. लोक सुरुवातीला म्हणतात जागा वाया जाते. पण गरम हवा आणि धूर वर ओढला जातो हे एका घरात दिसलं की शेजारी स्वतःहून मागतात. दांडी खालून बंद करून कुणी कचरा टाकणार नाही यासाठी तळाशी दार द्या आणि त्याची किल्ली कुणाकडे ते ठरवा. जिना घराच्या आत घ्या. बोळात बाहेरून लावलेली लोखंडी शिडी बोळ अडवते, आणि गरोदर बाईने हंडा घेऊन तिच्यावरून चढणं मला बघवत नाही.

मग छत. जी घरं तुम्ही बांधणार नाही, त्यांच्यासाठी थोड्या पैशात सर्वांत जास्त फरक इथेच पडतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याचं तापमान साठ अंशांच्या पुढे जातं, आणि त्याखाली बाई पापड लाटत असते, शिवण करत असते, तान्हं बाळ झोपलेलं असतं. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्म्याने खूप माणसं गेली, त्यानंतर २०१३ मध्ये तिथे उष्मा कृती आराखडा आला आणि पुढे वस्त्यांमधली छतं पांढरी करायचं काम झालं. महिला हाउसिंग ट्रस्टने ते घरोघरी नेलं. तेलंगणाने २०२३ मध्ये शीतल छताचं धोरणच जाहीर केलं. पांढऱ्या परावर्तक रंगाने घरातली उष्णता दोन ते पाच अंशांनी उतरते. नुसता चुना आपल्या पावसात धुऊन जातो, त्यामुळे तो दरवर्षी होळीनंतर मारावा लागतो. चांगला इलास्टोमेरिक, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा, रंग काही वर्षं टिकतो, पण पत्रा घासून गंज काढल्याशिवाय तो धरत नाही. जमेल तिथे पत्रा भिंतीपासून फूटभर वर उचला आणि मधल्या फटीला उंदीर येणार नाहीत अशी बारीक जाळी लावा. एक पारदर्शक पत्रा बसवला तर दिवसा दिवा लागत नाही. तो उत्तरेच्या उतारावर घ्या, दक्षिणेला घेतला तर घर भट्टी होतं. पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड आणि टायर काढून जे-हुकने पत्रे बांधा. आणि थर्माकोलचं छत लावू देऊ नका. स्वस्त मिळतं, थंडही वाटतं, पण आग लागली की ते वितळून पेटते थेंब खाली टाकतं, आणि प्रत्येक घरात सिलिंडर आहे.

सौर पॅनेल मी पहिल्या टप्प्यात ठेवणार नाही. वस्तीत छत म्हणजे कुरडया-पापड वाळवायची, उन्हाळ्यात झोपायची जागा, आणि उद्याचा वरचा मजला. बोळातले दिवे, सार्वजनिक संडासाचा पंप यांसाठी सौर वीज जरूर घ्या. तो खर्च सामाईक आहे आणि बिल न भरल्यामुळे अंधार होणं त्याने टळतं.

साहित्यावर आता येऊ. दाबीव मातीच्या ब्लॉकला लाल, वाळूमिश्रित माती लागते आणि पाच-आठ टक्के सिमेंट. तुमच्या भागात काळी माती असेल तर माती लांबून ट्रकने आणावी लागेल, म्हणजे पर्यावरणाचा हिशेब तिथेच बिघडला. त्यात हे ब्लॉक जाड भिंतीचे. दहा बाय बाराच्या जागेत नऊ इंची भिंत घेतली तर आत साधारण ८९ चौरस फूट उरतात, साडेचार इंची घेतली तर १०४. पंधरा चौरस फूट म्हणजे एका माणसाची झोपायची जागा. वस्तीत मी बारीक आरसीसी सांगाडा, त्यात फ्लायअ‍ॅशच्या विटा किंवा हलके, सच्छिद्र काँक्रीटचे एएसी ब्लॉक, आणि बाहेरच्या एकाच उघड्या भिंतीला जाडी, असं करते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी रुजवलेला रॅट-ट्रॅप बाँड, म्हणजे विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची पद्धत, विटांचा सुमारे पाव हिस्सा वाचवतो आणि मधल्या पोकळीमुळे ऊन कमी आत येतं. मोकळी जागा असेल तर तो उत्तम, पण तो नऊ इंची आहे हे विसरू नका. बांबू पोटमाळ्याला, पडदीला, छताखालच्या चटईला चांगला, तोही बोरॅक्सची प्रक्रिया केलेला. प्रत्येक साहित्याला एकच कसोटी लावा: वस्तीतल्या गवंड्याला ते पाच वर्षांनी, तुम्ही नसताना, नाक्यावरच्या दुकानातून आणून दुरुस्त करता येईल का? वस्तीत गवंडी, सुतार, सेंटरिंगवाले राहतातच. शहराच्या इमारती त्यांनीच बांधल्यात. काम त्यांना द्या आणि नवं तंत्र असेल तर मजुरी देऊन शिकवा.

पाडलेल्या घरातल्या विटा, दारं, पत्रे, सळया फेकू नका. कुटुंबाने त्या एकेक करून घेतलेल्या असतात. विटा जोत्याच्या भरावात, दारं नव्या घरात, पत्रे तात्पुरत्या निवाऱ्याला लागतात.

भाडेकरूंबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. दोनशे घरांच्या वस्तीत बरीच बिऱ्हाडं भाड्याने असतील, आणि ती सर्वांत गरीब असतात. वस्ती सुधारली की भाडं वाढतं आणि तीच बाहेर पडतात. घरमालकाला मदत देताना करारात लिहून घ्या की भाडेकरू त्याच भाड्यात ठरावीक वर्षं राहील. पोटमाळ्याची किंवा वरच्या खोलीची मदत याच अटीवर द्या. हा करार न्यायालयात किती टिकेल यापेक्षा तो वस्तीसमोर झालेला असणं जास्त उपयोगी पडतं.

तीन वर्षांचं नियोजन माझ्या हिशेबाने असं. पहिल्या वर्षी कागद, मोजणी, पुराच्या खुणा, पाया बघण्याचे खड्डे, साड्यांचं घर, आणि उन्हाळ्याआधी सगळ्या पत्र्यांना रंग. रंगाचं काम मुद्दाम लवकर करा. लोकांना फरक दिसतो आणि पुढच्या अवघड बैठकांना ते येतात. दुसऱ्या वर्षी, पावसाळा संपल्या संपल्या, बोळ खाली उतरवणं, मलवाहिनी, पाणी. पाण्याच्या रेषेतल्या वीस-तीस कुटुंबांसाठी त्याच वस्तीत तळमजला अधिक दोन मजल्यांचं घरकुल, आणि ते होईपर्यंतचं त्यांचं भाडं निधीतून. तिसऱ्या वर्षी घरोघरचे संडास, जिने, दांड्या, आणि ज्यांना घर वाढवायचं आहे त्यांना इंजिनिअरचा सल्ला फुकट. उरलेल्या निधीतला काही भाग बायकांच्या बचत गटाच्या खात्यात देखभालीसाठी ठेवा, चेंबर साफ करण्याचं यंत्र भाड्याने आणायला. माणसाला चेंबरमध्ये उतरवायचं नाही, हे पहिल्या बैठकीतच सांगा.

कंपनी अहवालात ‘किती घरं बांधली’ एवढाच रकाना ठेवेल. त्यांच्याशी आत्ताच बोलून आणखी काही रकाने घालून घ्या: मे महिन्यात दुपारी तीनला ठरलेल्या वीस घरांतलं तापमान, रंगाआधी आणि रंगानंतर, पावसाळ्यात किती घरांत पाणी शिरलं, किती कुटुंबांचा कागद दोघांच्या नावे झाला, आणि काम सुरू झालं तेव्हा जी कुटुंबं राहत होती, भाडेकरूंसह, त्यांतली किती तिसऱ्या वर्षअखेरीस तिथेच राहताहेत. शेवटच्या रकान्यासाठी आज, काहीही बांधायच्या आधी, यादी करावी लागेल. ती बचत गटाच्या बायकांबरोबर बसून करा. कुणाच्या घरात मागच्या बाजूने कोण राहतं हे त्यांनाच माहीत असतं.